हिरवा दिवा लागला म्हणजे पॅक भरला असं नाही: इलेक्ट्रिक मोटरसायकलच्या बॅटरीचं चार्जिंग आणि बॅलन्सिंग

सांगलीत माझं बॅटरी दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या पावसाळ्यात तासगावहून एक गाडी आली. ७२ व्होल्ट, ४० एएच (ॲम्पिअर-अवर) क्षमतेचा पॅक, वापर दोन वर्षांचा. गाडीवाल्याचं म्हणणं असं की आधी फुल चार्जला शंभर किलोमीटर जायची, आता ऐंशीच्या आसपास एकदम बंद पडते. नवी बॅटरीच घ्यावी लागेल का? रात्रभर चार्ज करून आणला होता. मेन कनेक्टरवर मल्टिमीटर लावला तर ८३.२ व्होल्ट. ८४ ला पूर्ण भरणाऱ्या पॅकचा हा आकडा पाहून कोणीही ‘बॅटरी चांगली आहे’ म्हणेल.

मग झाकण काढून आतल्या सेलच्या वीसही गटांचे व्होल्ट एकेक करून मोजले. एकोणीस गट ४.१७ वर होते, तेरावा ३.९८ वर. त्या एकट्या गटाला वेगळा चार्ज दिला, आठ-नऊ तास लागले, आणि गाडी पुन्हा शंभरच्या घरात जायला लागली. नवी बॅटरी लागली नाही. अशा गाड्या माझ्याकडे सारख्या येतात आणि त्यातल्या कितीतरी जणांनी आधीच नव्या पॅकची चौकशी केलेली असते. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी पॅक समजून घ्या

उदाहरणाला हाच पॅक घेऊ. ५ एएचचे आठ सेल समांतर जोडून ४० एएचचा एक गट, आणि असे वीस गट एकामागे एक म्हणजे सिरीजमध्ये. एकूण १६० सेल. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारचा लिथियम सेल भरल्यावर ४.२ व्होल्टला असतो, म्हणून वीस गटांचे ८४ व्होल्ट.

सिरीजमध्ये प्रत्येक गटातून तेवढाच करंट जातो. वीस हंडे ओळीने मांडलेत आणि सगळ्यांत एकाच धारेने पाणी पडतंय असं समजा. एकोणीस काठोकाठ आले आणि एक चार बोटं कमी आहे. आता धार थांबवावीच लागणार, नाहीतर बाकीचे ओसंडतील. रिकामे करतानाही सगळ्यांतून सारखंच पाणी काढायचं असतं, त्यामुळे कमी भरलेला हंडा आधी तळाला जातो. तो तळाला गेला की बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गाडी बंद करतो. इतर एकोणीस हंड्यांत पाणी असतं, पण ते तुमच्या उपयोगाचं राहत नाही.

मेन कनेक्टरवरचा आकडा का फसवतो तेही यातच आलं. एक गट दोन दशांश व्होल्टने मागे असला तरी ८४ व्होल्टच्या बेरजेत तो लपून जातो.

चार्जर पॅकच्या जातीचा आहे का, ते तपासा

भारतात दुचाकींसाठी मुख्यतः दोन प्रकारचे लिथियम सेल दिसतात. एनएमसी: नॉमिनल ३.६ ते ३.७, पूर्ण ४.२ व्होल्ट. आणि एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट): नॉमिनल ३.२, पूर्ण ३.६५. ‘७२ व्होल्टची बॅटरी’ असं तोंडाने म्हणतात, पण एनएमसीच्या २० गटांच्या पॅकला ८४ व्होल्टचा चार्जर लागतो आणि एलएफपीच्या २४ गटांच्या पॅकला ८७.६ व्होल्टचा. दोन्ही चार्जरची बॉडी तीच, पिन तीच, फॅनचा आवाजही तोच. ८७.६ चा चार्जर एनएमसीच्या पॅकला लागला तर प्रत्येक गटावर ४.३८ व्होल्ट चढू पाहतात आणि आगीच्या आड फक्त बीएमएस उरतो. तोही बिघडलेला असेल तर आड काहीच नाही.

म्हणून चार्जरच्या पाठीवरचं स्टिकर वाचा, आणि नवा किंवा दुरुस्त केलेला चार्जर पॅकला लावण्याआधी त्याच्या टोकावर मल्टिमीटरने व्होल्ट बघा. ८४ चा चार्जर ८४ च्या आसपासच दिसला पाहिजे, ८५ च्या वर गेला तर तो वापरू नका. काही चार्जर बॅटरी लागल्याशिवाय व्होल्ट देतच नाहीत. त्यांचे व्होल्ट चार्जिंगच्या अगदी शेवटी पॅकवर मोजावे लागतात. घरात दोन गाड्या असतील तर दोन्ही चार्जरवर मार्करने मोठ्या अक्षरात गाडीचं नाव घाला.

रोजचं चार्जिंग

गाडी पळवून आणली की लगेच पिन लावू नका. पॅक आतून गरम असतो आणि गरम सेलला वरच्या व्होल्टपर्यंत नेलं की तो लवकर म्हातारा होतो. पाऊण-एक तास जाऊ द्या. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दिवसा पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे चार्जिंग पहाटेच करावं. उलट हिमालयात गाडी नेणाऱ्यांनी शून्याखाली चार्जिंग अजिबात करू नये. थंडीत सेलच्या आत लिथियम धातूरूपात साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

८४ व्होल्ट, १० ॲम्पिअरचा चार्जर पॅकला ८४० वॅटपर्यंत देतो, म्हणजे भिंतीतून साधारण ९४० वॅट ओढतो. २३० व्होल्टला हे चार ॲम्पिअरच्या थोडं वर जातं. आकडा फार मोठा नाही, पण तो चार-पाच तास सलग चालतो. फ्रिज-गीझरसाठी असतो तसा १६ ॲम्पिअरचा सॉकेट वापरा, त्याला एमसीबी आणि खरं अर्थिंग असू द्या. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेटची पकड ढिली झाली आहे. मोबाईलच्या एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावू नका; बारीक वायरचे बोर्ड वितळलेले मी पाहिलेत.

जागा मोकळी असावी. जिना, बाहेर पडायचा दरवाजा आणि गॅस सिलिंडर या तिन्हींपासून लांब. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात भर रस्त्यात पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षा मानकात दुरुस्ती करून ते कडक केलं आणि नवे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू केले. नियम गाडी बनवणाऱ्यांसाठी आहेत. गाडी जिन्याखाली लावायची की अंगणात, हे घरातल्यांनाच ठरवावं लागतं.

एनएमसी पॅक रोज ८०-९० टक्क्यांवर थांबवला तर जास्त टिकतो, हे खरं आहे. पण वर्षभर तो कधीच पूर्ण भरला नाही तर बॅलन्सिंग, म्हणजे सगळे गट एका पातळीला आणणं, तेही होत नाही.

बॅलन्सिंग होतं कधी?

चार्जर आधी ठरलेला करंट देतो आणि पॅकचे व्होल्ट चढत जातात. व्होल्ट ८४ ला टेकले की ते तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू उतरतो, दहावरून पाच, दोन, एक. त्या शेवटच्या उतारावर बीएमएस जे गट पुढे गेलेत त्यांच्यावर छोटे रेझिस्टर जोडून त्यांचा जास्तीचा चार्ज उष्णतेत घालवतो. मागचे गट तेवढ्यात पोचतात. अनेक बीएमएस हे काम एनएमसीत ४.२ च्या अगदी जवळ गेल्यावरच सुरू करतात. त्याआधी पिन काढली की त्या दिवशी बॅलन्सिंग शून्य.

दुसरं म्हणजे हे काम फार हळू चालतं. साध्या बीएमएसचा बॅलन्स करंट साधारण ५० ते १०० मिलिॲम्पिअर असतो. तासगावच्या पॅकचा तेरावा गट अंदाजे ७ एएच मागे होता. ६० मिलिॲम्पिअरने ते अंतर भरायला सुमारे ११७ तास, म्हणजे जवळजवळ पाच दिवस सलग, लागले असते. जो गडी रोज हिरव्या दिव्याला पिन काढतो त्याच्या गाडीत हे कधीच पुरं होणार नाही. छोटा फरक मात्र बीएमएस स्वतः सांभाळतो, त्याला वेळ दिला तर.

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी सकाळी, पॅक पूर्ण भरा आणि हिरवा दिवा लागल्यावरही दुपारपर्यंत पिन लावून ठेवा. रात्री झोपताना नको. घरात कोणीतरी जागं असताना. काही चार्जर हिरवे झाले की पूर्ण बंद होतात. त्यांचं बटण तासाभराने बंद करून पुन्हा चालू करा. दोन-चार मिनिटं लाल होऊन परत हिरवा होईल. असं तीन-चार वेळा केलं की दर वेळी मागचे गट थोडे पुढे सरकतात.

चार्जरकडे कान द्यायची सवयही लावून घ्या. निरोगी पॅकमध्ये शेवटी करंट उतरत जातो आणि मग दिवा पालटतो. पॅक बिघडलेला असेल तर चार्जर पूर्ण जोरात असतानाच झटक्यात हिरवा होतो, थोड्या वेळाने परत लाल, परत हिरवा. एखादा गट मर्यादेपुढे गेला म्हणून बीएमएस मध्येच चार्जिंग तोडतोय, असा त्याचा अर्थ.

एलएफपीवाल्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. त्या सेलचे व्होल्ट मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतात. तीस टक्के भरलेला आणि सत्तर टक्के भरलेला सेल यांच्यात काही शतांश व्होल्टचाच फरक दिसतो. त्यामुळे ॲपमध्ये सगळे गट ३.३ वर सारखे दिसले तर त्यावरून काहीच कळत नाही. ३.४ च्या वर गेल्यावर कोण पुढे आणि कोण मागे ते उघड होतं. एलएफपी पॅक आठवड्यातून एकदा पूर्ण भरायलाच हवा.

गट मागे पडलाय की आजारी आहे?

हा भाग घाईने वाचू नका. बॅलन्सिंग हे मागे पडलेल्या गटाचं औषध आहे. आजारी गटावर ते करणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतत राहणं. दोन्ही ओळखायला सगळ्या गटांची मापं किमान दोनदा लागतात: पॅक पूर्ण भरून तासभर थांबल्यावर एकदा, आणि गाडी चालवून पॅक १०-१५ टक्क्यांवर आल्यावर एकदा. स्मार्ट बीएमएस असेल तर मोबाईलच्या ॲपवर सगळे गट दिसतात. नसेल तर मल्टिमीटर.

तोच गट वरही (पॅक भरल्यावर) सगळ्यांत कमी आणि खालीही (पॅक उतरल्यावर) सगळ्यांत कमी असेल, तर तो फक्त मागे पडलाय. क्षमता शाबूत आहे. त्याला भरून बरोबर आणा, काम झालं.

गट वर सगळ्यांच्या पुढे आणि खाली सगळ्यांच्या मागे असेल, तर त्याची क्षमताच कमी झाली आहे. हंडा छोटा झालाय, म्हणून आधी भरतो आणि आधी रिकामा होतो. असा एक पॅक उघडला तेव्हा सातव्या गटात आठपैकी एका सेलवरची निकेल पट्टी स्पॉट वेल्डमधून सुटलेली होती. वरून बघताना पट्टी जागेवर बसल्यासारखी दिसत होती. प्लास्टिकच्या चिमट्याने जराशी उचलली तर पत्त्यासारखी वर आली, खाली वेल्डचे दोन काळे ठिपके. आठाचे सात सेल, ४० चे ३५ एएच. त्या गाडीवाल्याने महिनाभर बॅलन्सिंगच्या आशेवर चार्जर लावून ठेवला होता. सुटलेला सेल बाकीच्या सातांच्या व्होल्टला आणून पट्टी पुन्हा वेल्ड केल्यावर पॅक सुधारला.

तिसरी खूण लोडची. उभ्या गाडीत सगळे गट सारखे, पण ॲक्सिलरेटर पिळला की एकच गट धाडकन खाली येतो, चार्जिंग लावलं की तोच उसळून वर जातो. हा अंतर्गत रेझिस्टन्स वाढल्याचा किंवा जोड ढिला झाल्याचा पुरावा. आधी जोड तपासा. बॅलन्स वायरचा क्रिम्प गंजला तरी मोजमाप असंच चुकीचं दिसतं, आणि पावसाळ्यानंतर हे हमखास आढळतं.

चौथी सगळ्यांत वाईट. गट भरून बरोबर आणला, गाडी हातही न लावता आठवडाभर उभी ठेवली, आणि तोच गट पुन्हा २०-३० मिलिव्होल्टने घसरला. बाकीचे जागेवर. बीएमएस त्या गटातून वीज चोरत नसेल, तर गटातला एखादा सेल आतल्या आत गळतोय. गळका सेल पुढे शॉर्ट होऊ शकतो. तो बदलायचाच.

हाताने बॅलन्सिंग

कंपनीचा सीलबंद पॅक असेल तर इथे थांबा आणि सर्व्हिस सेंटरला जा. झाकण उघडलं की वॉरंटी जाते आणि पाण्यापासूनचं संरक्षणही जातं. ज्यांना मल्टिमीटर रोज हाताळायची सवय आहे आणि ज्यांचा पॅक उघडता येण्यासारखा आहे, पुढचं त्यांच्यासाठीच.

८४ व्होल्ट डीसी माणसाला जबर झटका देऊ शकतात आणि चुकून शॉर्ट झालेला पाना क्षणात वितळतो. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पान्यांना आणि स्क्रू-ड्रायव्हरला टोक सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा. पॅक गाडीपासून आणि मेन चार्जरपासून सोडवा. सेल फुगलेला असेल, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येत असेल किंवा कोणताही एनएमसी गट बराच काळ २.५ व्होल्टच्या खाली पडून असेल, तर काम करू नका. इतक्या खाली राहिलेल्या सेलमध्ये तांबं विरघळून आत शॉर्ट तयार होऊ शकतो आणि तो सेल भरताना पेटू शकतो.

आता एक ते वीस गटांचे व्होल्ट कागदावर लिहा. बाकीचे गट जिथे आहेत तेच तुमचं लक्ष्य. तासगावच्या पॅकमध्ये ते ४.१७ होतं, म्हणून बेंच पॉवर सप्लाय (व्होल्ट आणि करंट हवा तसा लावता येतो तो टेबलावरचा सप्लाय) ४.१७ व्होल्ट आणि १ ॲम्पिअरवर लावला. हे आकडे क्लिपा जोडण्याआधी लावायचे, जोडल्यावर नाही. सप्लायचं हिरवं अर्थ टर्मिनल मायनसला जोडलेलं नसावं.

क्लिपा लावण्याआधी त्याच दोन जागांवर मल्टिमीटर धरा. ३ ते ४.२ च्या मध्ये आकडा आला पाहिजे. ७-८ व्होल्ट दिसले तर तुम्ही दोन गट धरलेत. मायनसचं चिन्ह दिसलं तर उलटे धरलेत. ही दहा सेकंदांची तपासणी मी आजही दर वेळी करतो. क्लिपा निकेल पट्टीवर लावा, केसाएवढ्या बारीक बॅलन्स वायरवरून तासन् तास करंट घालू नका.

मग वाट बघायची. दर अर्ध्या तासाने गटाचे व्होल्ट आणि पट्टीचं तापमान. सप्लायवरचा करंट उतरून शंभर मिलिॲम्पिअरखाली आला की गट भरला. बेंच सप्लाय नसेल तर टीपी४०५६ या चार्जिंग चिपचं छोटं मॉड्यूल चालतं. ते चांगल्या मोबाईल ॲडॉप्टरवर १ ॲम्पिअरपर्यंत देतं आणि ४.२ ला थांबतं. ते फक्त एनएमसीसाठी. एलएफपीवर ते कधीही लावायचं नाही.

उलटी अडचण आली, म्हणजे एकच गट बाकीच्यांच्या पुढे असेल, तर त्याला थोडं उतरवा. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा जुना तारेचा बल्ब यासाठी उत्तम. ४ व्होल्टवर तो मंद तांबूस पेटतो आणि साधारण १ ॲम्पिअर ओढतो. २ एएच उतरवायला दोन तास. बल्ब लावून जेवायला जाऊ नका. विसरलेल्या बल्बने चांगला गट मेलेला मी पाहिलाय.

सगळे गट १० मिलिव्होल्टच्या आत आले की झाकण लावण्याआधी एक चार्जिंग पूर्ण होऊ द्या आणि परत मोजा. मग गाडी सात दिवस उभी ठेवून पुन्हा मोजा. वर सांगितलेली चौथी खूण इथेच पकडली जाते.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल

गणपतीला गावी जाताय किंवा पावसाळाभर गाडी काढणार नसाल, तर एनएमसी पॅक ५०-६० टक्क्यांवर, म्हणजे गटाला ३.७ ते ३.८ व्होल्टच्या आसपास सोडा आणि एमसीबी किंवा मेन कनेक्टर काढून ठेवा. कंट्रोलर, ट्रॅकर आणि बीएमएस थोडं थोडं खात राहतात. महिन्यातून एकदा मोजा.

पॅकमधून धूर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर चार्जर ओढायला जवळ जाऊ नका. मेन स्विच लांबून बंद करता आला तर करा, घरातल्यांना बाहेर काढा, १०१ ला फोन लावा. पावडरचा सिलिंडर वरची ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली उष्णता काढत नाही. ती काढायला भरपूर पाणी लागतं आणि ते अग्निशमन दलाचं काम आहे. त्यांना लिथियम बॅटरी आहे हे फोनवरच सांगा.

माझ्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक पॅकची एक वही आहे. दर तीन महिन्यांनी वीस आकडे वर, वीस आकडे खाली, तारीख आणि गाडीचे किलोमीटर. तासगावच्या गाडीचं पान आता तिसऱ्या नोंदीवर आहे. तेरावा गट शेवटच्या वेळी ४.१६ होता, बाकीचे ४.१७. पुढची नोंद दिवाळीनंतर घ्यायची आहे.